मायोसायटिसच्या तपासण्या: कशाला किती लागतात आणि कुठे पैसे वाचवायचे

जिना चढताना कठड्याला धरावं लागतं. भारतीय पद्धतीच्या संडासातून उठता येत नाही. केस विंचरताना हात खांद्याच्या वर टिकत नाही. हे चार-सहा आठवडे टिकलं आणि वाढत गेलं, तर ते वयामुळे किंवा अशक्तपणामुळे असेल म्हणून सोडून देऊ नका. स्नायूंना सूज येण्याचा आजार, म्हणजे मायोसायटिस, असाच सुरू होतो. सोबत वरच्या पापण्यांवर जांभळट डाग किंवा बोटांच्या सांध्यांवर लालसर खरबरीत पुटकुळ्या असतील, तर त्या प्रकाराला डरमॅटोमायोसायटिस म्हणतात.

निदान होईपर्यंत बहुतेक घरांचे पैसे चुकीच्या क्रमाने खर्च होतात. महागडी तपासणी आधी होते आणि स्वस्त राहून जाते. अलीकडे ‘जीन’ आणि ‘ऑक्सिजन’ ही दोन नावं घेऊनही बरंच काही विकलं जातं. त्यातलं काय उपयोगाचं आणि काय टाळायचं, ते पुढे आहे. दर पुण्या-मुंबईतल्या खासगी ठिकाणचे, साधारण आहेत. तुमच्या गावात विचारूनच ठरवा.

आधी हे पाहा: खर्चाचा विचार न करता कधी जायचं

गिळताना ठसका लागतो, पाणी नाकातून येतं, बोलताना दम लागतो, मान उशीवरून उचलता येत नाही, लघवी काळ्या चहासारखी होते: यातलं एकही असेल तर आजच मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. दरांची चौकशी नंतर करा.

पहिला टप्पा: साध्या रक्ततपासण्या

सीपीके हीच पहिली तपासणी. काही लॅब तिला सीके म्हणतात. खर्च ३०० ते ६०० रुपये, रिपोर्ट त्याच दिवशी. साधारण २०० पर्यंतचा आकडा ठीक. मायोसायटिसमध्ये तो हजारांत जाऊ शकतो. डरमॅटोमायोसायटिसमध्ये मात्र कधीकधी तो नॉर्मलही येतो, म्हणून त्वचेवरचे डाग डॉक्टरांना दाखवाच.

रक्त देण्याआधी तीन-चार दिवस जड व्यायाम करू नका. दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घेतलं असेल तर सांगा. दोन्हींमुळे सीपीके वाढतो आणि पुन्हा पैसे जातात.

सोबत एवढंच करा: एसजीओटी, एसजीपीटी, जीजीटी, टीएसएच, व्हिटॅमिन डी, क्रिएटिनिन. एसजीओटी-एसजीपीटी स्नायूंतूनही वाढतात. ते वाढलेले दिसले की अनेक रुग्ण यकृताच्या डॉक्टरांकडे जातात, सोनोग्राफी होते, यकृताची टॉनिकं सुरू होतात आणि दोन महिने वाया जातात. एसजीपीटी वाढलेलं, जीजीटी नॉर्मल आणि पाय लुळे पडताहेत, असं चित्र असेल तर सीपीके केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

थायरॉइड कमी असला तरी सीपीके वाढतो आणि पाय ओढतात. व्हिटॅमिन डी फार कमी असलं तरी जिना चढवत नाही. दोन्हींचा इलाज स्वस्त आहे, म्हणून ते आधी तपासा. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असेल तर तिचं पाकीटच सोबत न्या.

‘फुल बॉडी पॅकेज’ घेऊ नका. ऐंशी तपासण्यांच्या पॅकेजमध्येही बऱ्याचदा सीपीके नसतो.

कोणाकडे आणि कुठे

संधिवाततज्ज्ञ किंवा न्यूरॉलॉजिस्ट. डाग असतील तर त्वचारोगतज्ज्ञाचीही मदत लागते. अस्थिरोगतज्ज्ञाकडे फेऱ्या मारून हा आजार सापडत नाही. खासगीत पहिल्या भेटीचे १,००० ते २,००० रुपये लागतात.

खर्च झेपत नसेल तर मुंबईत महापालिकेचं केईएम आणि सरकारी जे. जे., पुण्यात ससून. तिथे केसपेपर काही रुपयांत निघतो, तपासण्यांचे दर खासगीच्या मानाने अगदी थोडे असतात, पण दिवस मोडतो. सकाळी आठच्या आत रांगेत लागा. कोणती ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी फोनवर विचारा, नाहीतर सांगली-साताऱ्याहून आलेली फेरी फुकट जाते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली रुग्णालयं त्यात येत नाहीत, तिथे ठरलेलं शुल्क भरावं लागतं.

सोबत न्या: आधार, रेशनकार्ड, सगळे जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून, चालू औषधांची यादी, डाग मोबाइलवर काढलेले असतील तर ते फोटो. सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स करा. मूळ रिपोर्ट कुठेही ठेवून येऊ नका.

दुसरा टप्पा: क्रम चुकवू नका

रक्त आधी, सुई नंतर, तुकडा शेवटी. ईएमजी, म्हणजे स्नायूतल्या विद्युत हालचालींची तपासणी, हिची सुई स्नायूत टोचली की सीपीके वाढू शकतो आणि त्या जागी बायोप्सी घेतली तर सुईनेच झालेली इजा आजारासारखी दिसते. म्हणून ईएमजी एका बाजूला करून घ्या, दुसरी बाजू बायोप्सीसाठी राखा. हे डॉक्टरांना माहीत असतं, पण ईएमजी एकीकडे आणि बायोप्सी दुसरीकडे होणार असेल तर कोणती बाजू टोचली हे तुम्हीच लिहून न्या.

मायोसायटिस अँटिबॉडी पॅनेल: ६,००० ते १५,००० रुपये. रिपोर्ट साधारण आठवड्याभरात. उपयोग मोठा आहे. एमडीए-५ आली तर फुफ्फुसांकडे ताबडतोब पाहावं लागतं. टीआयएफ-१ गॅमा किंवा एनएक्सपी-२ आली तर मोठ्या माणसांत कॅन्सरचा शोध घ्यावा लागतो. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा:

एक, पॅनेलमध्ये किती अँटिबॉडी आहेत आणि त्यांची नावं काय. ‘एएनए प्रोफाइल’ ही वेगळी तपासणी आहे. नावं सारखी वाटतात म्हणून ती भरून घेतली जाते आणि मग मायोसायटिसची पुन्हा करावी लागते.

दोन, एचएमजीसीआर त्यात आहे का. स्टॅटिन घेणाऱ्यांसाठी हीच महत्त्वाची असते आणि अनेक पॅनेलमध्ये नसते. वेगळी करायची झाली तर तिचे पैसे वेगळे.

तीन, रक्त तुमच्याच लॅबमध्ये तपासतात की बाहेर पाठवतात. बाहेर जात असेल तर ज्या लॅबला जातं तिचा दर बघा. मधल्या लॅबचा हिस्सा त्यात मिसळलेला असतो.

एखादी अँटिबॉडी ‘वीक पॉझिटिव्ह’ आली म्हणून घाबरू नका आणि लगेच दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा तपासणीही करू नका. ही तपासणी पट्टीवर होते आणि तिच्यातले असे फिके निकाल बऱ्याचदा फसवे निघतात. लक्षणांशी जुळतंय का, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

ईएमजी आणि एनसीव्ही: २,५०० ते ६,००० रुपये, वेळ तासभर, रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी. सुईचे पैसे दरात धरलेत का, विचारा. काही ठिकाणी ते बिलात वेगळे येतात.

मांड्यांचा एमआरआय: ६,००० ते १५,००० रुपये, वेळ पाऊण तास. इथे दोन छुपे खर्च आहेत. पहिला, दोन मांड्यांचे दोन एमआरआय लावतात. ‘दोन्ही मांड्या एकाच शुल्कात’ हे आधी कबूल करून घ्या. दुसरा, कॉन्ट्रास्ट. स्नायूतली सूज दाखवायला ‘स्टर’ नावाची पद्धत पुरते, रंगद्रव्याचं इंजेक्शन सहसा लागत नाही. त्याचे दोन-तीन हजार वाचतात. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘विदाउट कॉन्ट्रास्ट, विथ स्टर’ असं लिहून द्यावं म्हणून विनंती करा. एमआरआयवरून कोणत्या जागी सूज आहे ते कळतं आणि बायोप्सी नेमकी तिथे घेता येते. मात्र अँटिबॉडी आणि डाग पाहून निदान पक्कं झालं असेल तर ईएमजी, एमआरआय, बायोप्सी या तिन्हींची गरज प्रत्येकाला नसते. ‘या तपासणीने माझं औषध बदलणार आहे का?’ हा एक प्रश्न प्रत्येक चिठ्ठीवर विचारा.

बायोप्सी: तुकडा कसा न्यायचा, यावर सगळं

खासगीत सगळं मिळून १५,००० ते ३०,००० रुपये. यात चार बिलं असतात: सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, लॅबची मूळ तपासणी आणि वरचे खास रंग (तुकड्यातला बिघाड दिसावा म्हणून लावतात ते). दर विचारताना चारही विचारा. ‘बायोप्सी आठ हजार’ असं उत्तर आलं तर ते बहुधा पहिल्या दोन बिलांचंच असतं.

जागा भुलीने बधिर करतात, मांडीवर किंवा दंडावर छोटा छेद घेऊन साधारण सेंटिमीटरभर तुकडा काढतात. अर्धा ते पाऊण तास लागतो, त्याच दिवशी घरी जाता येतं. रात्रभर ॲडमिट व्हायला सांगितलं तर कारण विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. टाके दहा दिवसांनी. पूर्ण रिपोर्टला एक ते दोन आठवडे धरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्नायूचा तुकडा ताजा लागतो. सलाइनने ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळून, बंद डबीत, बर्फावर ठेवून तो काही तासांत लॅबमध्ये पोहोचला पाहिजे. तिथे तो द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या द्रवात गोठवतात. एन्झाइमचे रंग गोठवलेल्या तुकड्यावरच उठतात. फॉर्मालिनमध्ये बुडवलेला तुकडा त्या कामाचा राहत नाही.

माझ्या मावशीच्या वेळी हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. जिल्ह्याच्या गावातल्या एका रुग्णालयात तुकडा काढला. नर्सने पांढऱ्या झाकणाची प्लास्टिकची डबी हातात दिली, आत पाण्यासारखं काहीतरी आणि तळाशी करंगळीच्या नखाएवढा फिका तुकडा. मी ती रुमालात बांधून एसटीने पुण्याला नेली. लॅबच्या खिडकीतल्या ताईंनी झाकण किंचित उघडलं, वास आला तशी डबी परत माझ्याकडे सरकवली. म्हणाल्या, ‘फॉर्मालिनमध्ये आणलंत. यावर निम्मीच तपासणी होईल.’ मावशीच्या दुसऱ्या मांडीला पुन्हा छेद द्यावा लागला, पुन्हा चारही बिलं भरावी लागली. पैशापेक्षा तिच्या चेहऱ्यावरची दुसऱ्या वेळची भीती मला आजही आठवते. तुमच्या माणसावर ही वेळ येऊ नये.

म्हणून आधी लॅब ठरवा, मग सर्जनची तारीख घ्या. लॅबला फोन करून विचारा: ताजा तुकडा किती वाजेपर्यंत घेता? कोणते वार? डबी आणि बर्फ तुमचा की आमचा? एन्झाइम हिस्टोकेमिस्ट्री इथेच करता का? शुक्रवारी दुपारी आणि सणाच्या आदल्या दिवशी बायोप्सी ठेवू नका. गावापासून लॅब लांब असेल तर तुकडा पाठवण्यापेक्षा रुग्णाला तिथे नेऊन बायोप्सी करणं स्वस्त पडतं. बंगळुरूची निम्हान्स आणि हैदराबादची निम्स या संस्थांना स्नायूच्या बायोप्सीचा मोठा अनुभव आहे. कोल्हापूर, सोलापूर, नांदेड, लातूरच्या लोकांना त्या कधीकधी मुंबईपेक्षा सोयीच्या पडतात.

शक्यतो स्टिरॉइड सुरू करण्याआधी बायोप्सी व्हावी. पण गिळणं किंवा श्वास अडत असेल तर बायोप्सीसाठी औषध रोखून धरू नका.

रिपोर्टसोबत स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक मागून घ्या, पोच द्या. दुसरं मत घ्यायचं झालं तर नवा छेद लागत नाही.

‘जीन’ची तपासणी: तीन वेगळ्या गोष्टी, एकच नाव

इथे सर्वाधिक गोंधळ होतो आणि सर्वाधिक पैसे जातात. कोणी ‘जीन टेस्ट’ सुचवली तर ती खालीलपैकी कोणती, हे चिठ्ठीवर लिहून घ्या.

पहिली, जीन सिक्वेन्सिंग किंवा एक्झोम. १५,००० ते ४०,००० रुपये. ही जन्मतः आलेला जीनमधला बदल शोधते. मायोसायटिस असा वारशाने येणारा आजार नाही, त्यामुळे सर्वांना ही लागत नाही. लागते तेव्हा मात्र फार कामाची: आजार तरुण वयात सुरू झाला, भावंडांत कुणाला तसंच आहे, स्टिरॉइडने काडीचाही फरक नाही, अँटिबॉडी सगळ्या निगेटिव्ह. डिस्फर्लिन नावाच्या प्रथिनाच्या दोषात होणारी मस्क्युलर डिस्ट्रॉफी बायोप्सीतही मायोसायटिससारखी दिसू शकते आणि अशा रुग्णांना वर्षानुवर्षं स्टिरॉइड दिलं जातं. तिथे हा खर्च वाचवू नका.

दुसरी, एनयूडीटी-१५ आणि टीपीएमटी. २,५०० ते ६,००० रुपये. ॲझाथायोप्रिन सुरू करायचं असेल तर विचारा. एनयूडीटी-१५चा बदल भारतीयांत आढळतो आणि अशा माणसात हे औषध पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकतं. एकदाच करायची, निकाल आयुष्यभर तोच. तपासणी केली तरी सुरुवातीच्या आठवड्यांत सीबीसी करावाच लागतो.

तिसरी, जीन एक्स्प्रेशन. स्नायूत कोणते जीन चालू आहेत आणि कोणते मंद, हे पाहणारी तपासणी. डरमॅटोमायोसायटिसमध्ये दोन गट ठळक दिसतात: इंटरफेरॉन या प्रतिकारशक्तीच्या प्रथिनाने चालू होणारे जीन, आणि ऑक्सिजन कमी पडल्यावर पेशी जे जीन जागे करते ते. कारणही दिसतं. या आजारात स्नायूतल्या केशवाहिन्या कमी होतात आणि स्नायूतंतूंच्या जुडीच्या कडेचे तंतू बारीक होतात. रक्ताचा तुटवडा आधी की इंटरफेरॉनचा मारा आधी, यावर संशोधकांत अजून वाद आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या संशोधकांनी स्नायूच्या तुकड्यांतला इंटरफेरॉनचा हा ठसा दाखवला, तेव्हापासून त्यावर पुष्कळ काम झालं.

तुमच्यासाठी याचा अर्थ एकच: ही संशोधनाची तपासणी आहे, तुमच्या खिशातून करायची नाही. तिच्या निकालावरून आज कुणी तुमचं औषध ठरवत नाही. एखाद्या संस्थेच्या अभ्यासात तुम्हाला सहभागी करून घेत असतील तर तपासणी मोफत असते, मराठीत समजावून तुमची लेखी संमती घेतात आणि नाही म्हटलं तरी उपचार तसेच चालू राहतात. पैसे मागितले तर तो अभ्यास नाही असं समजा.

तीच गोष्ट नेहमीच्या बायोप्सीत स्वस्तात दिसते. लॅबला विचारा: एमएक्सएचा रंग लावता का? इंटरफेरॉनने वाढणारं हे प्रथिन आहे आणि २०१८च्या युरोपीय तज्ज्ञांच्या बैठकीत ठरलेल्या डरमॅटोमायोसायटिसच्या वर्गीकरणात ते आहे. सोबत एमएचसी-१ आणि केशवाहिन्यांवरचा सी५बी-९. प्रत्येक रंगाला १,५०० ते ३,००० रुपये जादा पडतात, म्हणून दहा रंगांची यादी आली तर कोणते दोन-तीन निर्णायक आहेत ते विचारा. रिपोर्टमध्ये ‘पेरिफॅसिक्युलर ॲट्रॉफी’ हे शब्द असतील तर त्या कडेच्या बारीक झालेल्या तंतूंचीच ती नोंद आहे. ते पान जपून ठेवा.

केशवाहिन्या न कापताही पाहता येतात. नखाच्या मुळाशी भिंगातून पाहतात, त्याला कॅपिलरोस्कोपी म्हणतात. अनेक संधिवाततज्ज्ञ ती भेटीतच करतात. वेगळे पैसे लावले तर हजार-दोन हजारांच्या पुढे जाऊ नका.

‘ऑक्सिजन’च्या नावाखाली

दोन कमतरता वेगळ्या समजून घ्या, पैसे आपोआप वाचतील.

स्नायूतला ऑक्सिजन कमी पडतो, कारण तिथवर नेणाऱ्या बारीक वाहिन्या घटल्या आहेत. बोटावरचा ऑक्सिमीटर हे दाखवत नाही. स्नायू उपाशी असताना त्यावर ९८ दिसू शकतं. रक्तात ऑक्सिजन भरलेला असताना वरून आणखी देऊन उपयोग होत नाही. त्यामुळे दाबाच्या खोलीतली हायपरबॅरिक थेरपी, ओझोनची सलाइन, ऑक्सिजनचे कॅन: मायोसायटिससाठी यातला एकही मान्य उपचार नाही. दहा-वीस बैठकांचं पॅकेज आगाऊ भरायला सांगितलं तर तिथून उठा.

रक्तातला ऑक्सिजन कमी होतो तो फुफ्फुसांमुळे, आणि ते गंभीर आहे. मायोसायटिसमध्ये फुफ्फुसांना सूज येऊ शकते. इथे ऑक्सिमीटर उपयोगी: ८०० ते १,५०० रुपये. बसून आकडा पाहा, घरातल्या घरात सहा मिनिटं चालून पुन्हा पाहा. नेलपॉलिश काढून, बोट गरम ठेवून. चालल्यावर आकडा चार किंवा जास्त अंकांनी घसरला, किंवा कोरडा खोकला हटत नाही, तर थांबू नका. छातीचा एचआरसीटी ३,५०० ते ७,००० रुपये, डीएलसीओसह पीएफटी (फुफ्फुसांच्या क्षमतेची तपासणी) १,५०० ते ४,००० रुपये. नुसता पीएफटी करून डीएलसीओ राहून जातो, चिठ्ठीवर ते अक्षर आहे का पाहा. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर डॉक्टरांनी आकडा पाहून लिहून दिला तरच, आणि आधी भाड्याने.

कॅन्सरच्या शोधाबद्दल: मोठ्या वयात डरमॅटोमायोसायटिस झाला तर तपासणी हवीच. पण १२,००० ते २५,००० रुपयांचा पेट स्कॅन सरसकट नको. वय, अँटिबॉडी आणि लक्षणं पाहून धोका ठरवतात, त्यावरून मॅमोग्राफी, पॅप, सीटी अशा तपासण्या ठरतात.

औषधं: महिन्याचा हिशेब

प्रेडनिसोलोन आणि मेथोट्रेक्सेट स्वस्त आहेत, दोन्ही मिळून महिन्याला बहुधा पाचशेच्या आत. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. कॅलेंडरवर वार गोल करून ठेवा, पाकिटावर मार्करने तो वार लिहा. प्रेडनिसोलोन अचानक बंद करू नका, पैसे संपले तरी. त्याआधी डॉक्टरांना फोन करा.

मायकोफेनोलेटला महिन्याला काही हजार लागतात. कंपनीनुसार किमतीत मोठा फरक असतो. चिठ्ठीवर मूळ औषधाचं नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात विचारा. गर्भधारणेचा विचार असेल तर मेथोट्रेक्सेट किंवा मायकोफेनोलेट सुरू करण्याआधी सांगा. टोफासिटिनिबसारखी नवी गोळी इंटरफेरॉनचाच मार्ग अडवते. ती सुरू करायला जीन एक्स्प्रेशन लागत नाही, पण क्षयरोगाची तपासणी लागते.

खरा मोठा खर्च आयव्हीआयजीचा, म्हणजे शिरेतून द्यायच्या इम्युनोग्लोब्युलिनचा. मात्रा सहसा वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम, दोन ते पाच दिवसांत विभागून. वजन ६० किलो म्हणजे १२० ग्रॅम. ग्रॅमला २,००० रुपये धरले तर नुसतं औषध २ लाख ४० हजार, आणि ते अनेकदा महिन्याला एकदा असं काही महिने चालतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रोडर्म चाचणीने डरमॅटोमायोसायटिसमध्ये ते काम करतं हे दाखवलं, त्यामुळे लिहून दिलं म्हणून शंका घेऊ नका. भाव मात्र करा. छापील किमतीत आणि घाऊक विक्रेत्याच्या दरात मोठी तफावत असते. तीन ठिकाणी ‘ग्रॅमला किती’ असंच विचारा, कुपीला किती असं नको, कारण कुप्या वेगवेगळ्या मापाच्या असतात. औषध रुग्णालयाच्याच मेडिकलमधून घ्यायची सक्ती करता येत नाही. बाहेरून आणलंत तर थंड डब्यात आणा, पक्कं बिल घ्या, बॅच नंबर आणि मुदत तिथेच तपासा, रिकाम्या कुप्या मोजून घ्या.

रिटुक्सिमॅबचा एक कोर्स सहसा १ ग्रॅमच्या दोन मात्रांचा, मध्ये दोन आठवडे. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार कुप्या. भारतीय बनावटीच्या कुप्या स्वस्त पडतात. हिपॅटायटिस बी तपासल्याशिवाय हे घेऊ नका. ती तपासणी पाचशेच्या आसपास होते आणि चुकली तर यकृतावर बेतते.

पैसे कुठून

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, पांढरं कार्ड असलं तरी. यात भरती होऊन घ्यायचे ठरावीक उपचारच येतात, ओपीडीच्या तपासण्या येत नाहीत. भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. पैसे भरल्यावर परत मिळवणं कठीण. मदतीचा क्रमांक १५५३८८.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आजच काढून ठेवा, निदानाच्या आठवड्यात तो मिळवायला वेळ नसतो. मोठ्या खासगी दिसणाऱ्या रुग्णालयांपैकी अनेक धर्मादाय आहेत, म्हणून विचाराच. खाट नाही म्हणाले तर लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे जा.

विमा असेल तर आयव्हीआयजी किंवा रिटुक्सिमॅब डे-केअरमध्ये मिळतं का, मर्यादा किती, हे आधी मेलवर लिहून घ्या. कमजोरी कायमची राहिली तर दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज करा. आजाराचं नाव यादीत नसलं तरी हालचालीतली अक्षमता मोजली जाते.

सर्वांत स्वस्त उपचार सोडू नका

एकेकाळी या रुग्णांना ‘पूर्ण विश्रांती’ सांगत. आता तसं नाही. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेत मायोसायटिसच्या रुग्णांना १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा, सायकल आणि मांड्यांचे व्यायाम दिले. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता वाढली आणि स्नायूतल्या ऑक्सिजनवर ऊर्जा बनवणाऱ्या जीनचं कामही बदललं. ज्या कमतरतेसाठी तुम्हाला पॅकेज विकायला येतात, तिच्यावर औषधांच्या जोडीला काम करणारा उपाय एका जागी चालवायच्या सायकलवर आहे.

फिजिओथेरपिस्टची घरची भेट ४०० ते ८०० रुपये. रोज बोलावू नका. डॉक्टरांच्या परवानगीने सुरू करा, पहिल्या दोन-तीन भेटींत व्यायाम नीट शिका, मोबाइलवर चित्रण करून ठेवा, मग महिन्याला एकदा दाखवा. आजार तीव्र असताना हळू, पण पूर्ण बंद नाही.

एका वहीत दर रविवारी लिहा: हात न टेकता खुर्चीतून एका मिनिटात किती वेळा उठलात. याला पैसे लागत नाहीत. औषध लागू पडतंय का हे सीपीकेच्या आकड्याइतकंच या आकड्यावरून कळतं, आणि पुढच्या भेटीत डॉक्टर आधी तेच पान पाहतील.

मावशीच्या वहीत पहिल्या रविवारी ‘०’ आहे. पाच महिन्यांनंतरच्या पानावर ‘९’ आहे, आणि त्याच्याखाली तिने स्वतःच्या हाताने लिहिलंय: आज केस मी विंचरले.